सव्वादोन तोळे शिसं

आधी हात रिकामे करा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. खुर्चीत पाठ टेकून बसा, दोन्ही तळवे मांडीवर उताणे. आज एकाच वस्तूपाशी बसायचं आहे, आणि ती वस्तू अशी आहे की तिच्यापाशी घाईनं बसू नये.

आता डोळ्यांसमोर एक टेबल आणा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एका लहान गावातल्या बंदुकांच्या दुकानातलं. त्यावर हिरवी बनात अंथरलेली. ऑक्टोबर संपत आलाय, बाहेर मका कापून झालाय, शेतात नुसती धसकटं उरली आहेत. बनातीवर एक जुनी रायफल आहे. एकनळी. एका वेळी एकच काडतूस घेणारी. तिला मॅगझिन नाही, दुसऱ्या बाराची सोय नाही. घोड्याशेजारची कळ दाबली की नळी बिजागरीवर पुढे झुकते आणि तिचं मागचं तोंड उघडतं. दुकानदारानं ती उघडूनच तुमच्यापुढे ठेवली आहे. चांगला दुकानदार तशीच ठेवतो.

हात लावू नका अजून. नुसतं बघा.

मी या राज्यात बरीच वर्षं राहतो. हरणाची शिकार इथेच शिकलो, चाळिशी उलटल्यावर, शेजारच्या शेतकऱ्याबरोबर. तो फार बोलायचा नाही. पहिल्या दिवशी मात्र एक गोष्ट त्यानं तीनदा सांगितली: बंदूक रिकामी आहे असं कुणीही सांगितलं तरी आपल्या बोटानं खात्री करायची. म्हणून आता हात पुढे करा. आधी डोळ्यांनी मागच्या तोंडात बघा, मग करंगळी आत घाला. थंड पोलाद लागेल. बोट सहज जाईल, कारण हे घर मोठ्या काडतुसाचं आहे. आत काही नाही. श्वास सोडा. दुकानदाराला या तपासणीचा राग येत नाही. आला तर रायफल बनातीवर परत ठेवून बाहेर पडा.

मग नळी उजेडाकडे धरा. मागच्या तोंडातून पुढे बघा, खिडकीच्या दिशेनं. इथे थांबा. लोक या जागी दोन सेकंद थांबतात, तुम्ही दोन मिनिटं थांबा.

आत वळत गेलेले आटे दिसतील, गोळीला फिरकी देणारे. त्यांच्या कडा उजेडात रेषेसारख्या उठल्या पाहिजेत. कुठे काळपट ठिपके दिसले तर तो गंजाचा खड्डा असू शकतो, नुसता मळही असू शकतो. बघून ते ठरत नाही. सळईला घट्ट चिंधी लावून ती एकदा नळीतून फिरवायला मागा. सळई एकसारख्या जोरानं सरकायला हवी. मध्येच कुठे ती सैल पडली आणि उजेडात त्याच जागी एक काळी अंगठी दिसली, तर तिथे नळी आतून फुगली आहे. बहुधा कधीतरी नळीत काही अडकलेलं असताना बार उडाला होता. अशी नळी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. सर्वात शेवटी नळीच्या पुढच्या तोंडाची कड तर्जनीनं फिरून बघा. गोळी नळीला शेवटची शिवते ती इथे, आणि पुढच्या बाजूनं सळई घासून घासून कित्येक जुन्या रायफलींची ही कड एका बाजूला झिजलेली असते. मागचं सगळं नीट असूनही मग गोळी भरकटते.

आता दस्ता. मनगटाएवढा बारीक होतो त्या जागी लाकूड बघा, फ्रेमला भिडतं तिथे. धक्क्यानं चीर पडते ती याच ठिकाणी, केसासारखी. मग स्क्रू. त्यांच्या खाचा चेपलेल्या, ओरबाडलेल्या असतील तर कुणीतरी चुकीच्या पेचकसानं आत शिरलं होतं. आत शिरून काय केलं, हे आता तुम्हाला शोधायचं आहे. नळी बंद करा. पुढचं लाकूड काढायला सांगा आणि नळी फ्रेमशी डावी-उजवीकडे हलते का ते हातांनी अजमावा. किंचितही डुगडुगायला नको.

हे सगळं करताना लक्षात येईल की आपण एका अनोळखी माणसाचे हात वाचत आहोत. गालाला टेकून टेकून गुळगुळीत झालेली दस्त्याची ती एक जागा. गवताच्या ओलीनं गेलेला, हात धरायच्या जागचा निळसर काळा रंग. त्यानं ती जपली की नाही, हे त्यानं सांगायची गरज उरत नाही. मला जुनी बंदूक नवीपेक्षा आवडते ती यासाठी, आणि जुनी बंदूक घेताना मन जास्त सावध लागतं तेही याचसाठी.

डोळे क्षणभर मिटा. मग उघडा आणि नळीच्या बाजूला कोरलेली अक्षरं वाचा.

आपल्या रायफलीवर पॉइंट 45-70 असं लिहिलं आहे, पुढे 'गव्हर्नमेंट' या शब्दाचं लघुरूप. हा आकडा 1873 पासूनचा, अमेरिकी सैन्याच्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड या एकबारी बंदुकीबरोबर आलेला. पंचेचाळीस म्हणजे गोळीचा व्यास, इंचाच्या शंभराव्या भागांत. सत्तर म्हणजे काळी दारू, ग्रेनमध्ये. गोळी 405 ग्रेनांची, शिशाची. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. आपल्याकडे गुंज होती, तसाच तो. या दोन मापांची गाठही पडलेली आहे: 1833 साली ईस्ट इंडिया कंपनीनं तोळा ठरवला तो बरोबर 180 ग्रेनांचा. म्हणजे ही गोळी नेमकी सव्वादोन तोळ्यांची. सोनाराच्या तराजूत घातली तर सत्तावीस मासे भरेल.

तळवा पुन्हा उताणा करा. त्यावर सव्वादोन तोळे शिसं आहे असं समजा. बांगडीचं वजन हाताला ठाऊक असतं, तसं हे वजन हाताला ठाऊक होऊ द्या. उद्या हे एका जिवंत जनावराच्या अंगात जाणार आहे. तो विचार आत्ता, या टेबलाशी करायचा. रानात तो करायला वेळ नसतो.

माझ्या मोठ्या काकांकडे सिंधुदुर्गात शेती संरक्षणाचा परवाना होता आणि ठासणीची बंदूक. रानडुकरांसाठी. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि पावती देवघराशेजारच्या खिळ्याला लागायची. माशी, चाप, घोडा, दस्ता हे शब्द मला त्यांच्याकडून मिळाले. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीला जागा उरली नाही, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. मी सांगतोय ते या इथल्या रानाचं आहे, जिथे हरणांची गणती ठेवून दरवर्षी शिकारीचे दिवस ठरवले जातात. पण काकांची एक गोष्ट इथेही लागू पडते. दारू मोजायला त्यांच्याकडे बांबूचं एक कांडं होतं, त्यांच्या वडिलांनी कापलेलं. ते माप त्या एका बंदुकीचं होतं. शेजाऱ्यानं मागितलं तर ते देत नसत. म्हणायचे, तुझ्या नळीचं माप तुझ्या नळीला विचार.

नळीला कसं विचारायचं, ते आता सावकाश बघू. माझ्या मते जुनी रायफल घेण्यातला अर्ध्याहून जास्त भाग हाच आहे.

पॉइंट 45-70 चं काडतूस दीडशे वर्षं त्याच आकाराचं आहे, पण त्याला घेणाऱ्या बंदुका एका ताकदीच्या नाहीत. 1873 च्या ट्रॅपडोअरचं पोलाद काळ्या दारूसाठी होतं. तिच्यासाठी दाबाची मर्यादा चौरस इंचाला सुमारे 28,000 पौंड धरतात. आपल्या गाडीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतो, एवढ्यावरून अंदाज घ्या. 1967 साली आलेली रुगर नंबर वन ही एकबारी मात्र यापेक्षा कितीतरी जास्त दाब सोसते. म्हणून काडतूस घरी भरणाऱ्यांच्या पुस्तकांत या एकाच नावाखाली तीन वेगळी कोष्टकं असतात: जुन्या ट्रॅपडोअरसाठी, मार्लिनसारख्या मधल्या ताकदीच्या बंदुकांसाठी, आणि रुगरसारख्या दणकट एकबारींसाठी. तिसऱ्या कोष्टकातलं काडतूस पहिल्या बंदुकीत अगदी सहज बसतं. बसतं म्हणून चालतं, असं मात्र नाही. इथे एक श्वास घ्या. बोटं जातात, डोळे जातात, ते याच एका गैरसमजातून.

आपल्यासमोरची रायफल हॅरिंग्टन अँड रिचर्डसनच्या हँडी-रायफल जातीची आहे. मॅसॅच्युसेट्समधलं 1871 सालचं हे नाव. मूळ कंपनी 1986 मध्ये बंद पडली, पुढे ते नाव दुसऱ्यांनी चालवलं, आणि या रायफली बनणं 2015 मध्ये थांबलं. साध्या कष्टकरी लोकांची, पोरांना पहिली म्हणून दिली जाणारी बंदूक. तिच्या फ्रेम दोन प्रकारच्या असत. एक छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी, कमी दाबाची. दुसरी रायफलीच्या दाबासाठी. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. शिवाय प्रत्येक नळी कारखान्यात आपापल्या फ्रेमशी बसवून घेतलेली असे. म्हणून विचारा: ही नळी याच फ्रेमबरोबर आली का, की कुणी नंतर दुसरीकडून आणून जोडली? उत्तर नीट मिळालं नाही तर पैसे खिशातून काढण्याआधी ती बंदूकदुरुस्ती करणाऱ्या जाणत्या कारागिराकडे न्या. तो गेज घालून बघेल, बंद नळीत काडतुसाच्या कडेला मागे किती जागा मिळते ते. त्याचे पैसे वाया जात नाहीत.

कोरलेल्या अक्षरांवरही पूर्ण विसंबू नये. शंभर वर्षांच्या एखाद्या बंदुकीत कुणी नळीतलं घर खोल करून दुसऱ्या काडतुसाचं केलं असेल आणि नवं नाव कोरायचं राहून गेलं असेल. अशा वेळी कारागीर सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वितळवून घरात ओततात. तो उकळत्या पाण्याहूनही कमी उष्णतेला, 70 ते 88 अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळतो. थंड होताना आधी थोडा आक्रसतो, म्हणून ठसा सहज निघून येतो. मग हळूहळू फुगतो आणि ओतल्यापासून साधारण तासाभरानं घराच्या नेमक्या मापाचा होतो. त्या तासात काही करता येत नाही. ठसा टेबलावर असतो, आपण त्याच्यासमोर. मी एकदा असा बसलो आहे, आणि सुईच्या टोकाएवढ्या फरकासाठी एक तास थांबणं मला मुळीच जड गेलं नाही.

नळीचा व्यास काढायची रीत याहून साधी. मऊ शिशाची गोटी तेल लावून नळीतून हलक्या ठोक्यांनी पार करायची आणि बाहेर आल्यावर तिच्यावर उमटलेल्या आट्यांचं माप मायक्रोमीटरनं घ्यायचं. पॉइंट 38-55 सारख्या जुन्या काडतुसाच्या बंदुकांत याची फार गरज पडते. वेगवेगळ्या कारखान्यांनी त्या नळ्या वेगवेगळ्या मापाच्या केल्या, आणि आजची गोळी काहींत सैल पडते. सैल गोळी नेमावर जात नाही.

घट्ट गोळीचं मात्र भय वाटावं. जर्मनी-ऑस्ट्रियात डोंगरात हरणामागे फिरणाऱ्यांची, मोडून उघडणारी हलकी एकनळी असते, तिला किपलाउफ म्हणतात. देखणी वस्तू. तिच्यातल्या जुन्यांपैकी काहींची नळी 8×57 आय या मापाची आहे, गोळी सुमारे 8.1 मिलिमीटरची. 1905 च्या सुमारास जर्मन सैन्यानं गोळी बदलली, ती 8.2 मिलिमीटरची झाली आणि नावाला एक 'एस' लागला. शिकारीच्या बंदुका मात्र पुढेही बराच काळ जुन्या मापाच्या बनत राहिल्या. फरक वहीच्या एका पानाच्या जाडीहून थोडासाच जास्त. पण ती मोठी गोळी लहान नळीत दाबली गेली की मागचा दाब कुठल्या कुठे जातो. म्हणून डब्यावरचं ते एक अक्षर आणि नळीवरचं ते एक अक्षर, दोन्ही शेजारी धरून, बोट ठेवून वाचायचं. चष्मा लागत असेल तर चष्मा लावून.

आणि एखाद्या दिवशी बनातीवर विंचेस्टर 1885 ही जुनी एकबारी आली तर? युटातल्या ऑग्डेन गावच्या जॉन ब्राउनिंगनं चोविसाव्या वर्षी, 1879 मध्ये तिचं पेटंट घेतलं. 1883 मध्ये विंचेस्टरचा माणूस तिथवर गेला आणि 8,000 डॉलर देऊन ती रचना घेऊन आला. हात लावताना छाती धडधडेल. तरी प्रश्न तेच विचारा. त्याच नावाच्या काही बंदुका काळ्या दारूच्या काळातल्या आहेत, काही बिनधुराच्या दारूच्या, आणि त्यांचं पोलाद एकसारखं नाही. सुंदर वस्तूला आपण कमी प्रश्न विचारतो, हा माझाही दोष आहे.

आता परत आपल्या रायफलीकडे. समजा ती पसंत पडली. कागदपत्रं झाली, परवानाधारक दुकानदारानं तुमची नोंद तपासली. (नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असलेल्या आपल्या मुलांनी इथेच थांबून कायदा नीट वाचावा, त्यांना अमेरिकेत बंदूक जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि शिकारीच्या परवान्यासारखे जे थोडे अपवाद आहेत ते शब्दशः पाळावे लागतात.) आता काडतूस निवडायचं.

डोळे मिटा आणि प्रश्नाची दिशा उलटी करा. आतापर्यंत नळीला विचारलं. आता हरणाला विचारा.

ते पांढऱ्या शेपटीचं हरीण आहे, मक्याच्या कडेनं येणारं. ते तुमच्यापासून किती लांब उभं असेल? ओहायोत 2014 पासून हरणाला रायफल चालते, ती सरळ पुंगळीच्या काडतुसांची, पॉइंट 357 ते पॉइंट 50 व्यासाची. सपाट, वस्तीची जमीन आहे. ही काडतुसं लांब पल्ल्याची नाहीत. आपली 405 ग्रेनांची गोळी बाजारातल्या सौम्य काडतुसात सेकंदाला सुमारे 1,330 फुटांनी निघते. शंभर यार्डांवर नेम बसवला तर दोनशे यार्डांवर ती दोन फुटांच्या आसपास खाली पडलेली असते. दोन फूट म्हणजे फुप्फुस आणि पाय यांतलं अंतर, किंवा त्याहून जास्त. म्हणून इथेच, खुर्चीत बसून, एक अंतर ठरवा. माझं शंभर यार्ड आहे. त्यापलीकडचं हरीण माझं नाही. ते कितीही मोठं असो, कितीही आडवं उभं राहो.

मग गोळी. तीनशे ग्रेनांची, म्हणजे वीस माशांची, मऊ टोकाची गोळी हरणाला भरपूर होते. चारशे पाचची संथ जाते, खोल जाते, मांस कमी नासवते. मला ती आवडते. रायफलीच्या ताकदीबद्दल शंका उरली असेल तर ट्रॅपडोअरला चालेल असं सौम्य काडतूसच घ्या. हरणाला त्यानं काही कमी पडत नाही आणि हलक्या रायफलीचा धक्का तुमच्या खांद्याला सोसवतो. धक्क्याला घाबरलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, आणि जखमी हरीण रात्रभर रानात फिरतं. ते मी एकदा पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला ते सापडलं. त्याबद्दल एवढंच लिहितो.

शिशाबद्दल एक बोलायलाच हवं. वेगानं जाणारी मऊ शिशाची गोळी हाडावर आपटली की तिचा चुरा मांसात उडतो. तो आपल्या ताटात येतो, आणि रानात टाकलेल्या आतड्यांतून गरुडांच्या पोटात. कॅलिफोर्नियानं 2019 पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या बंद केल्या. तांब्याची गोळी हा चांगला पर्याय आहे, पण तीही नळीला विचारूनच घ्यायची. तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते. लांब गोळीला स्थिर राहायला जास्त फिरकी लागते, आणि जुन्या नळीतल्या आट्यांचा वळसा सैल असेल तर ती डगमगते. शिवाय तांब्याच्या कित्येक गोळ्या उमलायला वेग मागतात. सौम्य काडतुसासाठी मुद्दाम घडवलेलीच तांब्याची गोळी घ्या. डब्यावर तसं लिहिलेलं असतं.

एक डबा विकत घ्या. वीस काडतुसं. रानात त्यातलं एक लागेल.

बाकीची मैदानावर लागतील, शिकारीचे दिवस सुरू व्हायच्या आधी, थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारच्या बऱ्याच आधी. तिथे चला. कानांवर आवरण, डोळ्यांवर चष्मा. मागे मातीचा उंच बांध. दस्ता खांद्यात घट्ट घ्या, गाल लाकडाला टेकवा, नेमका जिथे त्या अनोळखी माणसाचा टेकायचा तिथे. श्वास आत घ्या, अर्धा सोडा, थांबा. चाप आपणहून सुटल्यासारखा सुटू द्या.

आवाज होईल. लक्ष्याकडे धावू नका. नळी उघडा, पुंगळी तळहातावर घ्या. गरम असेल. वळवून तिचं बूड बघा: मधली टोपी मागे सरकून वर आली आहे का? चेपून कडांपर्यंत पसरली आहे का? मग बुडाच्या जरा वर, भोवताली चकाकणारी अंगठी दिसते का, पितळ ताणल्याची? यांतलं काही दिसलं तर दुसरं काडतूस घालू नका, रायफल कारागिराकडे परत न्या. काही दिसलं नाही तर पुंगळी बाकावर उभी ठेवा आणि दुसरं काडतूस घ्या. प्रत्येक बारानंतर हेच. पाच पुंगळ्या एका ओळीत उभ्या राहतील.

तोवर सूर्य बांधामागे उतरलेला असेल. खिशातून एक पुठ्ठ्याचा तुकडा काढा आणि पेन्सिलीनं लिहा: 405 ग्रेन, शिसं, सौम्य भार, नेम शंभर यार्डांवर. खाली आजची तारीख. पुठ्ठ्याला भोक पाडा, सुतळी ओवा. ही रायफल तुमच्या आधी कुणाची तरी होती, तुमच्यानंतरही कुणाची तरी होईल. आधीच्यानं काही लिहून ठेवलं नव्हतं म्हणून तुम्हाला एवढं वाचावं लागलं. सुतळीची गाठ चापाभोवतीच्या कड्याला बांधा, नळीत करंगळी घालून पुन्हा एकदा बघा, आणि रिकामी रायफल बंद करून खोळीत सरकवा.